पडद्याखालून दिसलेली जुरेमा

पडदा गुलाबी आहे आणि जमिनीपासून वीतभर वर थांबला आहे. तो आणखी वर जात नाही, खालीही येत नाही. मागे जे चाललंय त्यातले प्रेक्षकांना फक्त पाय दिसतात. उजवीकडे पांढरे कापडी बूट, त्यांच्या टाचांवर मधाच्या रंगाचे वाळलेले थेंब: ती जुरेमा. शेजारी रिकाम्या सपाता: त्यांची मालकीण वर पलंगावर आडवी आहे. मधे चाकांचं टेबल, त्याच्या खालच्या फळीवर दोन हीटर आणि दोन्हींवर एकेक भांडं. वेळ दुपारी तीनची, जूनमधला शेवटचा शुक्रवार. उद्यापासून अख्खं बेलेम शहर नदीकाठच्या वाळूवर जाऊन पडणार, म्हणून आज अख्ख्या बेलेमला पाय गुळगुळीत हवेत.

मी पडद्याच्या अलीकडे पहिल्या खुर्चीवर आणि माझ्या पलीकडे दहा जणी, हाताला येईल त्या कागदाने वारा घेत. दर दुसऱ्या शुक्रवारी मी हनुवटीवरचे केस आणि ओठांवरची लव काढून घ्यायला इथे येते. येण्याआधी कोपऱ्यावरच्या गाडीवर वाटीभर ताकाका, म्हणजे आमच्याकडचं गरम सार, पिते. त्यातल्या जांबूच्या पाल्याने ओठ बधिर होतात आणि वॅक्स ओढताना फारशी कळ येत नाही. ही युक्ती जुरेमाची. दुकानाच्या नियमपुस्तकात ती नाही.

नियमपुस्तक जाड आहे. अशी गुलाबी दुकानं देशभर दोनशे. सगळीकडे तोच पडदा, तोच वास, आणि आत येणाऱ्या बाईला म्हणायची तीच तीन वाक्यं. चाळीस वर्षं मी नाटकांत दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं म्हटली आहेत, त्यामुळे सांगते, ही वाक्यं वाईट आहेत. पण जुरेमा ती अशी म्हणते की बाईला वाटावं, हे हिच्या मनात आत्ताच आलं. ते तिला मी शिकवलेलं नाही. मी शिकवलं ते वेगळंच.

सात वर्षांची असताना ती आमच्या मंडळीत आली. आमच्या ग्वामा वस्तीत जून महिन्यात पक्ष्याची नाटकं होतात. एक राजकन्या, एक शिकारी, एक चेटकीण, लोकांना हसवून लोळवणारे दोन खेडूत, आणि डोक्यावर पिसांचा पक्षी घेऊन नाचणारं एक मूल. शिकारी पक्ष्याला गोळी घालतो, मूल कोसळतं, आणि पुढचं सगळं नाटक त्याला पुन्हा उठवण्यासाठी धडपडतं. चेटकीण मी असायचे, पक्षी जुरेमा. तिच्याकडून मी एकच गोष्ट घोकून घेतली होती: माझा हात कपाळावर पडेपर्यंत हलायचं नाही. एका संध्याकाळी फटाक्याची ठिणगी उडून तिच्या पोटरीवर पडली. माझं पानभर भाषण बाकी होतं. पोर हललं नाही. मला वास आला तेव्हा कळलं. नंतर औषध लावता लावता विचारलं, ओरडली का नाहीस. माझ्याकडे बघत म्हणाली, तुमचा हात कुठे पडला होता? तो डाग अजून आहे. दुकानाचा झगा गुडघ्यापर्यंतच येतो, त्यामुळे पडद्याखालून तोही दिसतो.

शाळा सुटल्यावर तिच्या धर्मआईने, दोना फिलोमेनाने, म्हणजे फिलोमेनाबाईंनी, तिला हाताखाली घेतलं. फिलोमेनाच्या मागच्या खोलीत एक पलंग होता, एक शेगडी होती आणि राळ, मेण, मध एकत्र कढवायचं एक पातेलं. वापरलेलं वॅक्स टाकून देणं म्हणजे त्या काळी माज. ते केसांसकट पुन्हा वितळवायचं आणि नायलॉनच्या पायमोज्यातून गाळायचं. केस मोज्यात, वॅक्स भांड्यात. सोमवारी एकीच्या काखेला लागलेलं गुरुवारी दुसरीच्या मांडीला. वस्तीतल्या सगळ्याच जणी तसं करायच्या, आणि न करणारीला लोक उधळी म्हणायचे.

फिलोमेना गेली, खोली जुरेमाची झाली. पंधरा वर्षांपूर्वी अशाच एका जूनमध्ये ओझेनिरा तिच्याकडे आली. दोघी एका गल्लीतल्या, एका नळावर भांडून वाढलेल्या, जिवाभावाच्या. तीन दिवसांनी ओझेनिराच्या मांडीवर गळू उठलं, मग ताप चढला, मग इस्पितळ. बावीस दिवस. डॉक्टरने विचारलं, हे कुठे करून घेतलंस, तर तिने नाव सांगितलं नाही. घरी आली, भांडली नाही, कुठे तक्रार केली नाही. फक्त जुरेमा समोरून येताना दिसली की ती रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने जायची. जुरेमाने पायमोजा जाळला आणि खोलीला कुलूप लावलं. मला म्हणाली होती, चार शिव्या घातल्या असत्या ना, तर मी माफी तरी मागितली असती.

पुढे काही वर्षं तिने दुसऱ्यांच्या घरी कपडे धुतले. मग हे गुलाबी दुकान उघडलं. इथे वॅक्स सीलबंद पाकिटातून येतं, लाकडी पट्टी एकदा वापरली की कचऱ्यात, पायावरून निघालेलं वॅक्सही कचऱ्यात. पहिल्या आठवड्यात ती मला भेटायला आली आणि देवळातून आल्यासारखा चेहरा करून म्हणाली, दोना, तिथे टाकून देतात हो सगळं.

नऊ वर्षं झाली त्याला. दिवसाला वीस बायका. वॅक्स पसरायला बोटं लागतात, पण ओढायचा झटका मनगटात असतो, आणि तिचं उजवं मनगट कामातून गेलं. कॉफीचा कप ती डाव्या हाताने उचलते. डॉक्टरने सांगितलं, अजून एक वर्ष हेच केलंस तर कुलपात किल्ली फिरवता येणार नाही. सुटकेची वाट एकच होती. कास्तान्यालला नवी शाखा उघडणार होती आणि तिथल्या मुलींना शिकवायला कुणीतरी जाणकार हवी होती. शिकवणारीला ओढावं लागत नाही, दाखवलं की भागतं. शिफारशीचं पत्र सोमवारी जाणार होतं आणि ते लिहायचं होतं मॅनेजर ग्लाउसियाने.

ग्लाउसिया तिशीची, दक्षिणेकडून आलेली, इथल्या उकाड्याने सुजलेली. ती दुष्ट नाही. घाबरट आहे. दर तासाला वरच्या कचेरीतून तिला फोन येतो, आज किती झाल्या, आणि फोन ठेवल्यावर तिच्या गळ्यावर लाल चट्टे उठलेले असतात.

जुरेमाची चूक एवढीच की तिने अर्धी गोष्ट सांगितली. महिन्यापूर्वी जेवणाच्या सुट्टीत आसाईच्या फळांच्या गरात फारिन्याचा रवा कालवता कालवता तिने दुकानातल्या सगळ्यांना पायमोज्याची गंमत ऐकवली. मोजा पिळताना फिलोमेनाचे डोळे कसे तिरळे व्हायचे, त्याची नक्कलही केली. सगळ्या हसून बेजार. कुणीतरी विचारलं, आणि बायकांना काही व्हायचं नाही? जुरेमा म्हणाली, कुणी मेलं नाही बाई. ओझेनिराचं नाव तिने घेतलं नाही. हसवताना माणूस नेमकं तेच मागे ठेवतो. मीही ठेवलंय.

आणि या आठवड्यात वॅक्सचा ट्रक नदीपलीकडे अडकला. तराफ्याचं इंजिन बिघडलं होतं आणि पलीकडच्या काठावर मैलभर रांग लागली होती. त्यात दुसऱ्या कप्प्यातली मुलगी तापाने आजारी. शुक्रवारसाठी पंचवीस नावं नोंदलेली, ओढायला जुरेमा एकटी, आणि कपाटात उरलेलं वॅक्स जेमतेम एक भांडं भरेल इतकं. पुढचं जुरेमाने मला नंतर सांगितलं. सकाळी ती आली तेव्हा मागच्या खोलीत मोठं पातेलं चढवलेलं होतं, शेजारी दोन दिवसांच्या कचऱ्याच्या पिशव्या होत्या, आणि टेबलावर पायमोज्यांचं कोरं पाकीट.

"तूच म्हणालीस ना, कुणी मेलं नाही?" ग्लाउसिया म्हणाली.

जुरेमा म्हणाली की ते आमच्या वस्तीत, तेव्हा. इथे असलं चालत नाही.

"आज चालेल. संध्याकाळी ट्रक येतोय, तोवरच. सोमवारी मला पत्र लिहायचंय, जुरेमा. मला मनापासून लिहायचंय गं."

आणि जुरेमाने गाळलं. तिने ते माझ्यापासून लपवलं नाही, मग मी तुमच्यापासून का लपवू. उकळता येईल तेवढं उकळलं, मोजा ताणून धरला, पिळला. हात काहीच विसरले नव्हते, म्हणाली, आणि तेच वाईट वाटलं. ते भांडं तिने टेबलाच्या खालच्या फळीवर ठेवलं, शेजारी नव्या वॅक्सचं. आणि मनाशी ठरवलं की दुसऱ्याचं झाकण उघडायचंच नाही. नवं इतकं पातळ पसरायचं की ट्रक येईपर्यंत पुरेल. मग पत्रही जाईल आणि कुणाच्या मांडीला काही होणार नाही.

पण पातळ वॅक्स एका झटक्यात निघत नाही. एरवी पडद्यामागून एकच आवाज यायचा, कोरं कापड फाडल्यासारखा. आज प्रत्येक पट्टीला दोन, कधी तीन. आणि प्रत्येक तिसऱ्या आवाजाच्या आधी जुरेमाचे पांढरे बूट जमिनीत रोवले जायचे, कारण आता मनगट पुरत नव्हतं, अख्ख्या अंगाने ओढावं लागत होतं. दुपारी एकदा ती पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा उजवा हात काखेत दाबून धरलेला. माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाली, दोना, आज हनुवटी राहू द्या, घरी जा. का, ते सांगितलं नाही. मी गेले नाही. मला वास आला होता. खालच्या दुसऱ्या भांड्यातून मध जळल्यासारखा आणि त्याखाली आणखी कसलासा, नाटकातल्या केसांच्या जुन्या टोपांच्या पेटीतून येतो तसा. फिलोमेनाच्या खोलीत मी तो पुष्कळ घेतला होता.

तीन वाजेपर्यंत तेरा जणी गुळगुळीत होऊन गेल्या. तेराही जणी नवं लावूनच गेल्या, हे तिच्या वतीने सांगते. रांगेतल्या बायका कंटाळल्या होत्या. एक म्हणाली, आत काय एकेक केस मोजून काढतेय का ही. दुसरी म्हणाली, मोजू दे, माझे मोजायला बसली की उद्या उजाडेल. आणि त्या हशाखालून मला नवा आवाज ऐकू आला. लाकडी पट्टी भांड्याच्या बुडाला घासल्याचा.

तेवढ्यात दार उघडलं आणि ओझेनिरा आत आली.

पंधरा वर्षांनी केस पांढरे झाले होते, चाल तीच. ती गल्ल्याच्या टेबलापाशी गेली आणि म्हणाली, माझ्या लेकीने माझं नाव नोंदवलंय, जुरेमाकडे. ग्लाउसिया यादी बघून म्हणाली, तुमचा नंबर या बाईंनंतर. ती बाई म्हणजे मी. ओझेनिराने मला ओळखलं, मान हलवली. मी उठून तिला माझा नंबर दिला. म्हटलं, पंधरा वर्षांनी ही बाई रस्ता ओलांडून या बाजूला आली, हिला ताटकळत कशाला ठेवायचं. ती पडद्याआड गेली आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भांड्यात खरवडण्यापुरतंच उरलंय.

निळ्या सपाता. पांढरे बूट. आतलं बोलणं हळू होतं, पण पडदा म्हणजे काही भिंत नव्हे.

"कशी आहेस?" ओझेनिरा म्हणाली.

"बरी आहे. तू?"

"मी बरी. उद्या सगळे मोस्केइरोच्या वाळूवर चाललोय. नातू पहिल्यांदा पाण्यात उतरणार. लेक म्हणाली, आई, आता तरी पाय उघडे टाक, तिथे सगळं पाकिटातलं असतं. मी म्हटलं, तिथे कोण आहे ते मला माहीत आहे." थोडं थांबून म्हणाली, "माहीत असून आलेय."

सपाता रिकाम्या झाल्या. पलंगावरचा कागद कुरकुरला. पट्टी पुन्हा बुडाला घासली. मग मागून टाचांचा आवाज आला, ग्लाउसियाचा, आणि काळ्या उंच टाचा पडद्याच्या आत गेल्या. खालच्या फळीवरून दुसरं भांडं उचललं गेलं. वर टेबलावर ते टेकल्याचा आवाज मला ऐकू आला.

"हे घे," ग्लाउसिया म्हणाली. "त्यात आता काही नाही. अकरा जणी बसल्यात बाहेर."

झाकण निघालं. तो वास पडद्याखालून बाहेर आला.

"जुरेमा," ओझेनिराने विचारलं, "हे नवंच आहे ना?"

पांढरे बूट जागचे हलले नाहीत.

उत्तर ग्लाउसियाने दिलं, नियमपुस्तकातल्या आवाजात. आमच्याकडे सगळं पाकिटातलं आणि एकदाच वापरायचं असतं, सेन्योरा, निश्चिंत राहा. आणि मग सगळं थांबलं. डागाची पोटरी, तिच्याशेजारी काळ्या टाचा, खाली निळ्या सपाता. मला ती पडलेली पोर दिसली, पिसं मातीत, पोटरीवर ठिणगी, आणि माझं न संपणारं भाषण. कुणीतरी हात ठेवेपर्यंत हलायचं नाही, हे मीच तिच्या अंगात भरलेलं. माझा हात माझ्या गुडघ्यावर होता. तिथून तो कुणाच्या कपाळापर्यंत पोचत नव्हता.

मग बूट वळले. ग्लाउसियाकडे नाही, पलंगाकडे.

"नाही," जुरेमा म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल असा लावला होता. "हे वापरलेलं आहे. परवाचं आणि कालचं. सकाळी मी गाळलं, माझ्या हाताने. आज अजून कुणाला लावलं नाही, पण लावायलाच ठेवलं होतं."

बाहेर वारा घेणारे कागद थांबले. मागून कुणीतरी म्हणालं, आई गं, आणि मी कामावर दांडी मारून आलेय. दोघी-तिघी पिशव्या उचलून सरळ बाहेर पडल्या. आत ग्लाउसिया कुजबुजत्या आवाजात म्हणाली, झगा काढ, आणि सोमवारी यायचं नाही. इथे नाही, कास्तान्यालला तर नाहीच. फोन वाजायला लागला होता आणि ती तो घ्यायला जात नव्हती.

ट्रक सहाला आला, हे आताच सांगून टाकते. कास्तान्यालचं पत्र दुसऱ्याच कुणाच्या नावाने गेलं. जुरेमाचं मनगट तसंच आहे, आणि आता ती फिलोमेनाची खोली उघडून काय करायचं याचा विचार करतेय. पण त्या क्षणी यातलं काहीच घडलं नव्हतं. पडद्यामागे ओझेनिरा उठून बसली होती. तिचे अनवाणी पाय खाली आले, सपातांवर टेकले, पण आत सरकले नाहीत.

"तेव्हा का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

"तेव्हा तू विचारलं नाहीस," जुरेमा म्हणाली. "आणि मी सांगितलं नाही. माझंच चुकलं, ओझेनिरा. माझंच."

फोन वाजून वाजून बंद झाला.

"त्या नव्यात खरंच काही नाही?"

पट्टी बुडावरून फिरली, कडेने फिरली, पुन्हा बुडावर आली. "एका पायापुरतं आहे."

"मग एक कर."

रांगेत उरलेल्यांपैकी एक हसलीच. म्हणाली, एक पाय पाण्यात ठेव बाई आणि दुसरा वाळूत पूर, नातवाला काय कळतंय. आणि मग त्या घामाने भिजलेल्या, चिडलेल्या बायका हसल्या, आणि पडद्यामागेही कुणीतरी हसलं. कोण, ते पायांवरून कळलं नाही. काळ्या टाचा बाहेर आल्या आणि गल्ल्याच्या टेबलामागे जाऊन उभ्या राहिल्या. ग्लाउसियाने कुणालाच अडवलं नाही.

सहा आवाज आले. प्रत्येक एकच, कोरं कापड फाडल्यासारखा. आता पुरवायचं नव्हतं, म्हणून तिने वॅक्स पसरायचं तेवढं जाड पसरलं होतं. मग पाण्याचा आवाज, हात धुतल्याचा. झगा खुंटीवर गेला. ओझेनिराने पाय सपातांत घातले आणि विचारलं, आणि दुसरा पाय?

"ट्रक आल्यावर इथेच करून घे," जुरेमा म्हणाली. "मी नसेन. पण आडवं व्हायच्या आधी विचार, हे नवं आहे का, म्हणून. आज मला विचारलंस ना, तसंच विचार. आणि उत्तर दुसऱ्याच कुणी दिलं, तर उठून चालती हो."